कोट घेऊन गेला

पाच फेब्रुवारी. सकाळपासून लख्ख ऊन, आकाशात ढगाचा ठिपकाही नाही. वारा मात्र बोचरा, अंगात कोट नसेल तर खांदे आखडून घ्यावेत असा.

ही तारीख आणि ही हवा मी इतकी वर्षं पाठ करून ठेवली आहे. मी खुंटी बोलतेय. एका दुमजली जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत, दारामागे माझा मुक्काम आहे. तारीख त्या दिवशी कोणीतरी बोललं म्हणून कळली. हवा मात्र मला नेहमीच कळते. छत्री ठिबकत आली की पाऊस, सदरा पाठीशी ओला असला की उन्हाळा, गळपट्टा आला की थंडी. जे माझ्यावर टांगलं जातं त्याच्या वजनावरून आणि वासावरून मी बाहेरचं जग ओळखते. मी स्वतः या भिंतीतून कधी बाहेर पडले नाही.

दारामागे राहणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. हे दार आत उघडतं आणि उघडलं की थेट माझ्या अंगावर येऊन भिंतीला टेकतं. दार लावलेलं असलं की मला सगळी खोली दिसते आणि खोलीला मी. दार उघडं असलं की मी नाहीच. मग मला फक्त ऐकू येतं.

माझा जन्म या इमारतीच्या जिन्यातला. कठड्यासाठी लाकडाचे गोल दांडे कातून घेतले होते, त्यातला एक आखूड निघाला. सुताराने तो फेकला नाही. काम करताना त्याला स्वतःचा सदरा ठेवायला जागा हवी होती, म्हणून त्याने तो तुकडा दारामागे ठोकला. इमारतीत माणसं राहायला येण्याआधी तिच्यात राहिला तो हा सदरा. काम संपल्यावर सुताराने सदरा अंगात घातला, मला दोनदा हिसका देऊन पाहिलं आणि म्हणाला, "टिकेल."

माणसांच्या बोलण्यात माझं नाव फारसं चांगल्या अर्थाने येत नाही. अभ्यास खुंटीला टांगला म्हणतात, लाजलज्जा खुंटीला टांगली म्हणतात. टांगलं म्हणजे सोडून दिलं, असा त्यांचा हिशोब. मला तो कधी पटला नाही. सोडून द्यायची वस्तू माणूस खाली टाकतो, कोपऱ्यात भिरकावतो. टांगतो ती परत घ्यायची असते म्हणून.

इमारत पहिल्यांदा प्रसूतिगृह झाली. माझ्या खोलीचं दार तेव्हा सदा लावलेलं असे. अवघडलेल्या बायका घरचे कपडे माझ्यावर ठेवून जात आणि काही दिवसांनी हलक्या होऊन परत येत. नर्सबाई ओठावर बोट ठेवून सगळ्यांना सांगायच्या, "हळू बोला, आत झोपलेत." एकदा एका बाईची हिरवी शाल माझ्यावर राहिली. ती आली नाही. काही दिवसांनी तिची बहीण आली. तिने शाल काढली, नाकाशी धरली आणि निघून गेली. त्या दिवशी मला एक समजलं. टांगणारा आला नाही, तर त्याचं कोणीतरी येतं. वस्तू नेली जातेच.

प्रसूतिगृह नव्या जागेत गेलं आणि इथे टायपिंगचा वर्ग आला. बाहेरच्या खोलीत दिवसभर यंत्रांचा खडखडाट चाले. पण वर्गाचे मास्तर माझ्या खोलीत पाऊल टाकलं की आवाज खाली आणत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या विद्यार्थिनीही आत आल्या की कुजबुजू लागत आणि मग आपण का कुजबुजतोय म्हणून हसत. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. माणसं जागा सोडतात, पण त्यांच्या सवयी खोलीत मागे राहतात आणि पुढच्या माणसांच्या अंगात शिरतात. याला तुम्ही भूत म्हणता की आणखी काही, ते तुम्ही ठरवा.

मग कवळीवाला आला.

दात गेलेल्यांना दात करून देणं हा त्याचा धंदा. बाहेरच्या खोलीत त्याची बायको बसे, आतल्या खोलीत त्याचं काम चाले. मेण वितळवायचं, प्लास्टर कालवायचं, कानशीने घासायचं. धूर आणि धुरळा कोंडू नये म्हणून आतलं दार कायम उघडं. कुलूप लागे ते बाहेरच्या, जिन्याकडच्या दाराला. म्हणजे त्याच्या काळात मी नाहीशीच झाले. त्याचा राखाडी लोकरी कोट बाहेरच्या खोलीतल्या लाकडी स्टँडवर असे. तो कोट मी पाहिलाही नव्हता. कोपरावर कातड्याचं ठिगळ लावायला हवं, असं बायको म्हणायची, एवढंच त्याच्याविषयी ऐकून होते.

कवळीवाल्याचे स्वतःचे दात हिरड्यांच्या दुखण्यात तिशीच्या आतच गेले होते. तोंडात होती ती त्याने स्वतः केलेली वर-खालची कवळी. गिऱ्हाईक जिना चढून आलं की तो तोंडभर हसे आणि विचारी, असे चालतील का? गिऱ्हाईक म्हणे, असे मिळाले तर काय हवं! दात तयार होऊन हातात पडेपर्यंत आपले दातही याच दुकानातले, हे तो सांगत नसे. बायको म्हणायची, तुमचं हसणं म्हणजे आपल्या दुकानाची पाटी. तोंडात दात नसताना तो कोणाला तोंड दाखवत नसे. बायकोचा यावरचा टोमणा ठरलेला होता. "या इमारतीला आग लागली ना, तर हा माणूस आधी दात घालेल आणि मग ओरडेल."

त्यांना एक मुलगी होती, सहा-सात वर्षांची. शाळा सुटली की ती आतल्या खोलीत येऊन बसे. फळीवर गिऱ्हाइकांच्या तोंडांचे प्लास्टरचे साचे मांडलेले असत, सगळे आ वासून. ती त्यांना कागदाचे गोळे भरवायची आणि दटावायची, नीट चावून खा. मला ती दिसत नसे. पण दाराच्या फटीतून तिचा आवाज स्वच्छ येई.

आता ती पाच तारीख.

त्या सकाळी बायको मुलीला शाळेत सोडून परस्पर प्लास्टर आणायला गेली होती. कवळीवाला एकटाच जिना चढला. वर एक साठीची बाई तोंडावर पदर धरून उभी होती. तिला इतका संकोच वाटत होता की जिन्यात कोणाची चाहूल लागली तरी ती भिंतीकडे तोंड करी. त्याने तिला थेट आतच आणलं. आत आल्यावर ती म्हणाली, दार लावाल का? उघड्या दाराशी मला तोंड उघडवणार नाही.

त्याने दार लावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्याला मी दिसले आणि मला तो. सडसडीत, चाळिशी ओलांडलेला, हसऱ्या गालांचा माणूस. कोट अजून अंगातच होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "अरे, ही इथे होती होय," आणि कोट माझ्यावर टांगला. कोटाला लवंगेच्या तेलाचा वास होता आणि बाहेरच्या थंडीचा गारवा.

बाई खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना. त्याने समजावलं, थट्टा केली, पाणी दिलं. काही उपयोग होईना. मग त्याने पाठ फिरवली, तोंडाशी हात नेला आणि पुन्हा वळला तेव्हा त्याचे दोन्ही गाल आत गेले होते. एका क्षणात तो वीस वर्षांनी म्हातारा झाला. हातातली कवळी तिला दाखवत तो बोळक्या तोंडाने म्हणाला, "बघा मावशी. मीही तुमच्याच पंगतीतला."

बाईने पदर बाजूला केला आणि ती हसली. "अगं बाई, तुम्ही तर माझ्याहून म्हातारे."

त्याने कवळी रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. बाईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. काळ्या काड्यांचा, जाड भिंगांचा. माप घेताना दोघांच्या गप्पा चांगल्या रंगल्या. निघताना तो म्हणाला, आज पाच फेब्रुवारी, वीस तारखेला या. ती पदर न धरताच बाहेर पडली. तिच्यासाठी त्याने दार पूर्ण उघडलं आणि माझ्यापुढे पुन्हा लाकूड आलं. फरक इतकाच की आता माझ्यावर कोट होता.

यापुढचं मी फक्त ऐकलं आहे.

भांडं धुतल्याचा आवाज आला. मग तो थांबला. "अरे, चष्मा," असं तो स्वतःशीच बोलला. खिडकी उघडली. त्याने हाक मारली, पण दातांशिवाय हाकेतलं निम्मं वाऱ्यावर गेलं. त्या बाईला चष्म्याशिवाय समोरची पायरी दिसत नव्हती. खाली उतरताना ती भिंत चाचपत गेली होती, ती का, हे त्याला आता कळलं असणार. आणि खाली चौक वाहता होता.

पावलं धावत दारापर्यंत आली आणि थबकली. दाराच्या कडेवरून एक हात आत आला. प्लास्टरने ओली झालेली बोटं कोटाच्या बाहीला लागली. हात खिशाकडे वळलाही होता. इतक्यात खाली कर्कश भोंगा वाजला आणि हात मागे गेला.

"आलोच," तो म्हणाला.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. हे 'आलोच' माझ्याच वाट्याला आलं.

बायको दुपारी परतली. अहो, अहो, अशा दोन हाका तिने मारल्या. दुकान उघडं, मेणाखालची चूल पेटती, माणूस नाही. मग ती स्टँडपाशी थांबली, कोट नाही म्हणाली. स्टँड रिकामा होता. ती खाली गेली. खिडकी उघडीच होती, खालचं बोलणं मला ऐकू येत होतं. तळमजल्यावर खिडकीशी शिवण घेऊन बसणारी शिंपीणबाई होती, रस्त्याचं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. शिंपीणबाईने पाहिलं ते खरं सांगितलं. एक निळ्या साडीतली बाई पुढे गेली आणि तुमचे हे तिच्यामागे धावत गेले. दोघांचीही पाठच पाहिली. अंगात कोट होता का, असं बायकोने विचारलं. शिंपीणबाई म्हणाली, असेलच की, एवढा गार वारा सुटलाय.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला पोहोचली आणि वाटेत बाईचं वय बरंच कमी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आला. बायकोच्या भावाने रात्री खबर दिली होती. पोलीस बाहेरच्या खोलीत उभा राहिला आणि नकळत हलक्या आवाजात बोलू लागला. काल दुपारी चौकात ट्रकचा धक्का लागून एक माणूस गेला. ओळख पटलेली नाही. एकदा येऊन बघता का?

"कसा आहे?" बायकोने विचारलं.

"म्हातारा आहे. साठीचा तरी असेल. तोंडात एक दात नाही. अंगात नुसता सदरा. आणि हातात बायकी चष्मा, काळ्या काड्यांचा."

"मग तो नव्हे. हा चव्वेचाळीसचा आहे. आणि कोट घेऊन गेलाय, दात लावून गेलाय. सजून गेलाय."

मुलगी आतल्या खोलीच्या दारात बसली होती, माझ्यापासून हातभरावर. मधे फक्त फळी. ती म्हणाली, "आई, पण बाबांचे दात निघतात ना?"

"गप्प बस."

पोलीस क्षणभर घोटाळला. बायको म्हणाली, त्याचं सांगते तुम्हाला, आग लागली तरी तो दातांशिवाय घराबाहेर पडणार नाही. पोलिसाने मान हलवली असावी. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

कोट माझ्यावर होता. दात कोटात होते. मला वाचा असती तर एका शब्दाचं काम होतं. पण मी आखूड निघालेला दांडा. वजन पेलणं एवढंच मला येतं. मी ते पेललं.

वीस तारखेला ती बाई आली. हवा ढगाळ होती, तिचा आवाज सर्दीने बसला होता. बायको खोली आवरत होती, साचे पोत्यात भरत होती. बाईने सांगितलं, दातांचं माप दिलं होतं. बायको म्हणाली, ते आता इथे बसत नाहीत. बरं, म्हणून बाई वळली. दोन पावलांवर थांबून तिने विचारलं, पंधरा दिवस अंथरुणात होते, माझा चष्मा इथे राहिलाय का? काळ्या काड्यांचा.

पोत्यात साचे पडण्याचा आवाज थांबला.

मग बायको म्हणाली, "इथे चष्मा नाही." बाई भिंत चाचपत गेली. तिच्या बांगड्या कठड्याला लागल्याचं मला ऐकू आलं. कठडा माझ्याच लाकडाचा.

ती गेल्यावर बायको आतल्या खोलीत आली. दाराशी उभी राहिली, अगदी जवळ. तिचा श्वास दारावर आपटत होता. "कोट घेऊन गेला की," ती म्हणाली. ऐकायला कोणी नव्हतं. "कोट नाहीये. कोट घेऊन गेलाय, म्हणजे गेलाच. संसार खुंटीला टांगून गेला."

माझं नाव तिने घेतलं. एक हात पुढे करून तिने दार ओढलं असतं तर! तिने ओढलं नाही.

मला तेव्हाच कळलं की त्या कोटाचं वजन किती आहे. कोट नेलेला असला, तर नवरा पळून गेला होता आणि बायकोचं काही चुकलं नव्हतं. कोट इथे असला, तर चौकात पडलेला बोळका म्हातारा तिचा नवरा होता आणि तिने 'तो नव्हे' म्हणून त्याला परका केला होता. पुढची सगळी वर्षं ती एका कोटाच्या नसण्यावर उभी राहिली. आणि तो असणं मी धरून ठेवलं होतं.

तिने खोली कपाटवाल्याला पोटभाड्याने दिली. खालच्या रस्त्यावर त्याचं कपाटांचं दुकान होतं, त्याला माल ठेवायला जागा हवी होती. हमालांनी एक उंच कपाट उघड्या दाराला लावून ठेवायला घेतलं. दार भिंतीला पुरतं टेकेना. एक हमाल कुजबुजला, मागे काहीतरी अडतंय. दुसरा तितक्याच हळू म्हणाला, अडू दे. आपण हळू का बोलतोय, हे दोघांनाही उमगलं नसावं. कपाट दाराला भिडलं आणि फटीतून येणारा उजेड बंद झाला.

त्या अंधारातली वर्षं मी मोजली नाहीत. पावसाळ्यात कोट जड होई, उन्हाळ्यात हलका. कसर लागली तेव्हा लोकर कुरतडल्याचा बारीक आवाज आधी खांद्याशी येई, मग कॉलरशी. फटीतून वारा शिरला की कोट हलायचा आणि बाही भिंतीवर घासायची, कोणीतरी हात चालवत असल्यासारखी. अशा वेळी मला वाटे, तो आला. दरवेळी वाटे.

कपाटवाल्याची माणसं संध्याकाळनंतर या खोलीत येईनाशी झाली. भिंतीमागे कोणीतरी कपडे चाळतं म्हणत. लवंगेच्या तेलाचा वास येतो म्हणत. प्रसूतिगृहाच्या काळात एक बाई इथून घरी गेली नव्हती, तीच कपडे शोधायला येते, असं कोणीतरी पसरवलं. त्या बिचारीचे कपडे तर कधीच नेले होते. खोलीतलं भूत म्हणजे एक कोट आणि एक खुंटी, आणि भूत आम्हीच असू तर आम्हीही घाबरलेले होतो. मला एकच भीती होती. कोणी आलंच नाही तर? कसर सगळा कोट खाऊन टाकेल, दात खाली पडतील आणि कोणी केर काढताना ते सुपात भरून नेईल.

तुम्ही कधी जुन्या जागेत राहायला गेलात, तर भिंती रंगवण्याआधी एक करा. सगळी दारं एकदा लावून घ्या आणि आत उभं राहून त्यांच्या मागे बघा. मला माणसांकडे एवढंच मागायचं आहे.

आज सतरा जानेवारी. आकाश भरून आलेलं, ऊन नाही, गार वारा. तारीख नव्या मालकाच्या कारकुनाने सांगितली, किल्ल्या मिळाल्याच्या पावतीवर घालायची म्हणून. इमारत विकली गेली आहे. वरच्या मजल्यावरच्या भिंती पाडून एकच मोठं सभागृह होणार आहे. कपाटवाल्याने सकाळी माल हलवला. माझ्यापुढचं कपाट गेलं आणि दाराच्या फटीत पुन्हा उजेड आला.

मग जिन्यावर पावलं वाजली. एक चाल अडखळती होती, मधे मधे थांबणारी. दुसरी जपून, तिच्या बरोबरीने. आवाज ऐकला आणि मी ओळखलं. मुलीचा आवाज आता तिच्या आईच्या त्या वेळच्या आवाजासारखा झाला होता. आईचा आवाज मात्र अगदी निराळा, पसरट. तिचेही दात गेले होते.

कारकून घाईत होता. भाडेकरूच्या ताब्याची सही हवी होती. त्याने विचारलं, खोली मूळ तुमच्या मिस्टरांच्या नावावर होती ना? ते आहेत का?

"निघून गेले," म्हातारी म्हणाली. हे उत्तर इतक्यांदा दिलेलं होतं की त्याचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले होते.

म्हणजे बेपत्ता लिहू का, असं त्याने विचारलं. मी खाली जाऊन शाई आणतो, तोवर ठरवा, म्हणून तो उतरला.

मायलेकी आतल्या खोलीत आल्या. मुलगी म्हणाली, इथे फळी होती ना, साच्यांची? मी त्यांना जेवायला घालायची. म्हातारी हसली नाही. तिच्या पायाखाली जुन्या प्लास्टरचा चुरा कुरकुरत होता. इतक्या वर्षांत ती एकदाही वर आली नव्हती. आता बस झालं, जाऊ या, असं ती दोनदा म्हणाली. गुडघे दुखताहेत म्हणाली. खिडकीच्या तावदानाला भोक पडलं होतं, त्यातून वारा सरळ तिच्या पाठीवर येत होता.

"ते दार लोटून घे गं जरा," ती मुलीला म्हणाली. "झोत लागतोय."

बिजागऱ्या गंजल्या होत्या. मुलीने दोन्ही हातांनी जोर लावला. दार करकरलं, जागचं हललं आणि माझ्यापुढून सरकत गेलं.

खोली केवढी रिकामी होती. मुलगी दाराला पाठ टेकून धापा टाकत होती, तिला मी दिसले नव्हते. म्हातारी माझ्या समोर होती. तिने मला पाहिलं. म्हणजे मला नाही, कोटाला.

ती पुढे आली नाही. मागेही गेली नाही. तिची नजर कोटाच्या खांद्यांवरून खाली आली, कसरीच्या भोकांवरून, कोपरावरच्या विरलेल्या जागेवरून, जिथे ठिगळ लावायचं राहून गेलं होतं. मग ती बाहीवर थांबली. बाहीवर प्लास्टरच्या चार बोटांचे पांढरे ठसे अजून होते.

मुलीने तिचा चेहरा पाहिला आणि वळून बघितलं. तिने हळूच हात घातला, बाहेरच्या खिशात, मग आतल्या. रुमाल निघाला, पिवळा पडलेला, घड्या चिकटलेल्या. तिने तो तळहातावर उलगडला. कवळी जशीच्या तशी होती. हिरड्यांचा गुलाबी रंग तेवढा फिका पडला होता.

खाली रस्त्यावर भोंगा वाजला. दोघींनी खिडकीकडे पाहिलं.

"आई," मुलगी म्हणाली, "बाबांचे दात निघायचे."

म्हातारीचे ओठ आत ओढले गेले. ती भिंतीचा आधार घेत पुढे आली, थेट माझ्यापर्यंत. तिने बाहीवरच्या ठशांवर स्वतःची बोटं ठेवली, एकेक करून. तिची बोटं आखूड होती, ठशांना पुरली नाहीत.

"हो," ती म्हणाली. "निघायचे."

मग तिने मुलीला सांगितलं, काढ तो, हळू काढ, फाटेल. मुलीने कॉलर धरून कोट उचलला. माझ्यावरचं वजन गेलं. कोट खाली येताना लवंगेचा वास एकदाच उठला आणि वाऱ्याबरोबर विरला. म्हातारीने कवळी रुमालासकट मुठीत घेतली. स्वतःचा पदर तोंडाला लावून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. आवाज मला आला नाही. या खोलीत सगळं हळूच होतं.

कारकून वर आला, दार ढकलून त्याने डोकं आत घातलं. त्यानेही आवाज खाली आणला. "काय लिहू मग? बेपत्ता?"

"वारले," म्हातारी म्हणाली.

"कधी?"

"पाच फेब्रुवारी. ऊन होतं. वारा बोचरा होता."

त्याने तारीख लिहून घेतली. म्हातारीने सही केली. मुलीने कोट घडी करून पिशवीत ठेवला. निघताना म्हातारी दाराशी थांबली, खोलीकडे वळली आणि म्हणाली, "येते." कारकुनाने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी लावली.

माझ्यावर आता काही नाही. भिंती सोमवारी पाडणार आहेत.